चोवीस बाय सोळा

१२ जानेवारी २०२५

छत्तीस वर्षं शाळेत रोज पाठाचं टाचण लिहिलं, ते साहेबांना दाखवायला. आज पहिल्यांदा असं काही लिहितोय जे कुणाला दाखवायचं नाही. घरात मी सोडून वाचणारं कुणी नाही, तेव्हा वही लपवायचीही कटकट नाही.

आमचं गाव उठणार हे आता नक्की झालं. कोळशाची खाण पूर्वेकडून येत येत गुरांच्या गोठणाला लागली होतीच. आता ती गावाखालून जाणार. मेअखेर घरं खाली करायची. राजुऱ्याच्या रस्त्याला नवी वस्ती आखली आहे, तिथे आम्हाला एकोणचाळीस नंबरचा प्लॉट मिळाला.

विहाराच्या ओट्यावर हल्ली दुसरा विषय नाही. कुणाला दोन मजले हवेत, कुणाला बाल्कनी. बाल्कनीत उभं राहून हे काय बघणार, खाण? मला तसलं काही नको. मला आहे तेच घर हवं. मातीचं मिळणार नाही, सिमेंटच्या ब्लॉकचं चालेल, पण माप हेच. कारण आशा.

आशाला सात वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदू. पण या घरात ते नवख्या माणसाला कळतसुद्धा नाही. खाटेपासून स्वयंपाकघराचं दार पाच पावलं, दारापासून गॅस चार पावलं, डावा हात लांबवला की भिंतीतल्या कोनाड्यात मिठाची बरणी. ती भिंतींना हात लावत नाही, चाचपडत नाही. मागच्या वर्षी विम्याचा एक माणूस आला, तिच्या हातचा चहा प्यायला आणि कागद पुढे करून म्हणाला, "ताई, नीट वाचून इथे सही करा." आम्ही दोघं दोन दिवस हसत होतो.

नव्या घरात तिला असंच चालता आलं पाहिजे. बाकी घर कसं का दिसेना.

१९ जानेवारी

ब्लॉकचा हिशोब केला. दोन दिवस लागले, पण मजा आली. फळा-खडू सुटल्यापासून डोक्याला काम नव्हतं.

मोबदल्यासाठी गेल्या वर्षी मोजणीदारांनी आमचं घर मोजलं होतं. तो पंचनामा पेटीतून काढला. शिक्क्यासकट लिहिलंय, चोवीस फूट बाय सोळा फूट, मधे एक आडवी भिंत, पुढे छपरी. चला, टेप घेऊन वाकण्याचे कष्ट वाचले. आत तर खाट, कणग्या, पेट्या, टेप जाणार तरी कुठून.

लांब भिंती दोन, अठ्ठेचाळीस फूट. आडव्या तीन. भिंत सहा इंची घ्यायची, कोपरा दोनदा मोजायचा नाही, म्हणून सोळाऐवजी पंधरा धरायचे. पंचेचाळीस. एकूण त्र्याण्णव फूट, उंची दहा. नऊशे तीस चौरस फूट. त्यातून तीन दारं आणि तीन खिडक्यांचे नव्व्याण्णव वजा. उरले आठशे एकतीस. ब्लॉक सोळा इंच लांब, आठ इंच उंच, म्हणजे आठ चौरस फुटांत बरोबर नऊ बसतात. इतकं गोड गणित पुस्तकातही क्वचित येतं. नऊशे पस्तीस. पाच टक्के तूटफूट धरून नऊशे ब्याऐंशी.

आशाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती.

"नऊशे ब्याऐंशी. आन् ह्या घराले किती लागले व्हते?"

"हे घर मातीचं आहे. याला ब्लॉक कुठून लागणार?"

"मंग ते ह्याच्यावानी कसं होईन?"

हिचं गणित शाळेपासून कच्चं. मी कागदाची घडी करून ठेवली.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर राजुऱ्याहून बाबूभाई मिस्त्री आले. आमच्या शाळेच्या दोन खोल्या यांनीच बांधल्या होत्या, त्यामुळे जुनी ओळख. सत्तरीला टेकले आहेत पण शिडीवर अजून चढतात. माझा कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला, खिशात घातला.

"गुरुजी, हजार मांगवा."

"अहो, नऊशे ब्याऐंशी येतात."

"हिसाब बरोबर हाय तुमचा. पण ब्लॉकले हिसाब कुठी समजते? टरकमधून उतरवतानाच तुटून राह्यतात."

सिमेंटचंही तसंच. जोडाईला माझ्या हिशोबाने सहा पोती, त्यांच्या तोंडच्या हिशोबाने दहा. दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टरला चौदा, तिथे मात्र आमचं एकमत झालं. पाया आणि स्लॅब त्यांनी स्वतःकडे ठेवला. मला तेवढंही शिकायचं होतं, पण आग्रह केला नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "अंदरून किती पायजे खोली?"

मी पंचनाम्यावर बोट ठेवलं. "जसंच्या तसं. एक इंच इकडचा तिकडे नको. दारं, खिडक्या, सगळं त्याच जागी."

ते काही तरी बोलणार होते, पण आशा चहा घेऊन आली. सरळ त्यांच्या हातात कप दिला. ते तिच्याकडे बघतच राहिले आणि विषय राहून गेला.

२३ फेब्रुवारी

पाया झाला. आज ब्लॉकचा पहिला थर लागला. आशाला मोटारसायकलवर घेऊन गेलो. ती खाली बसली, थरावरून हात फिरवला, मग अंगठा आणि करंगळी ताणून भिंतीची जाडी बघितली. वीत पुरून उरली.

"एवढीशीच?"

"सिमेंटची आहे ती. मातीपेक्षा दसपट मजबूत."

"मजबूत असन," ती म्हणाली. मग बराच वेळ थराच्या कडेने हात सरकवत राहिली. ऊन लागेल म्हणून मी तिला उठवलं.

१६ मार्च

भिंती दारांवरच्या लिंटलपर्यंत आल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारतो. ओल्या ब्लॉकचा वास मातीसारखाच येतो, थोडा कडू.

आज एक छोटी अडचण निघाली. बाबूभाई म्हणतात, सहा इंची भिंतीत कोनाडा बसत नाही, आरपार भोक पडेल. त्याऐवजी फळी ठोकून देतो म्हणाले. मी म्हटलं चालेल, जागा तीच धरा. मिठाची बरणी कोनाड्यात काय आणि फळीवर काय.

हर्षाचा फोन आला होता. गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे बापालाही पेशंटच समजते. "बाबा, आईला नव्या घरात नाही जमलं तर मी तिला इकडे घेऊन येते. इथे क्वार्टरमध्ये एकच खोली आहे, तिला सोपं जाईल." मी म्हटलं, न जमायला काय झालं, घर तेच आहे. तिला ते पटलं नाही, हे तिच्या "बरं" वरून कळलं.

आशा गेली तर मी या वस्तीत एकटा काय करणार? हा विचार मी तिथेच सोडला आणि पाणी मारायला गेलो.

१४ एप्रिल

जुन्या गावातली शेवटची जयंती. मिरवणूक प्रत्येक गल्लीतून नेली, रिकाम्या गल्लीतूनही. अर्धी घरं उतरवून झाली आहेत. आशा छपरीत उभी राहून कोणता ढोल कुठल्या घरासमोर वाजतोय ते सांगत होती. रामटेक्यांच्या घरापुढे ढोल थांबला तेव्हा ती म्हणाली, "आता तिथी कोनीच नाई न? आवाज पुरा मागच्या भितीवर जाऊन आपटून राह्यला."

कधी तरी हे लिहायला हवं होतं, ते आज लिहितो. डोळे जायच्या आधी ती मला म्हणाली होती की दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वार्षिक परीक्षा झाल्या की चंद्रपूरला जाऊ. परीक्षा झाल्या, मग निकाल, मग शाळेचं रंगकाम. चार महिने गेले. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. आशाने हा विषय कधीच काढला नाही. मीही नाही.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. नव्या घरात आलो. वंदना झाली, खिरीचं जेवण झालं. खाट, पेट्या, गॅस सगळं मी स्वतः जागच्या जागी लावलं, त्याच भिंतीला, त्याच कोपऱ्यात. पाहुणे गेल्यावर आशाला खाटेवर बसवलं आणि म्हटलं, "चल, आता चहा कर."

ती उठली. पाच पावलं टाकून थांबली, उजवा हात दाराच्या चौकटीसाठी पुढे केला. चौकट तिथे नव्हती. आणखी एक पाऊल टाकलं, मग थांबून राहिली.

"थकली असशील," मी म्हणालो. "उद्या कर."

१६ मे

कपाळाला टेंगूळ. दाराची कड लागली. काल पायाचं बोट. मिठाच्या फळीऐवजी तिचा हात दोनदा हवेत गेला, तिसऱ्यांदा बरणी खाली पडली.

मी सांगितलं, "घर तेच आहे आशा, सवय होईल."

ती खाटेच्या कडेला जाऊन बसली. तिचं न बोलणं मला माहीत आहे, हे त्यातलं नाही. हे निराळंच आहे.

२१ मे

दिवसभर खाटेवर बसून असते. हाक मारली की "हो" म्हणते, उठत नाही. स्वयंपाक मी करतो. आज वरण करपलं, तरी हसली नाही.

मला तिच्या चपलांचा आवाज हवा आहे. सकाळी झोपेतून उठताना तो ऐकू यायचा, खाटेपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून मागचं दार, मग मागच्या अंगणात, सांदवाडीत, बादली. सात वर्षं तो आवाज ऐकला की मला वाटायचं सगळं ठीक आहे. या घरात इतकी शांतता आहे की खाणीतला स्फोट झाला तरी बरं वाटतं.

हर्षाला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. रविवारी येते एवढंच म्हणाली.

२४ मे

आशा सकाळी म्हणाली, "मले एकदा घरी न्या."

घरी म्हणजे कुठे ते विचारावं लागलं नाही. जुन्या गावात आता कुत्रीही नाहीत. आमच्या घराच्या छपराची कवेलू आणि लाकूड आम्हीच उतरवून आणलं होतं. मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या, वर आभाळ. पाऊस आला की त्याही विरघळतील, त्याआधी मशीन आलं नाही तर.

दारात तिने माझा हात सोडला. उंबरठाही काढलेला, तरी नेमक्या त्या जागी तिने पाय उचलला. आणि चालायला लागली. खाटेच्या जागेपासून पाच पावलं, उजवीकडे वळून आत, चार पावलं, गॅसची जागा. डावा हात सरळ कोनाड्यात गेला. कोनाडा रिकामा होता, तिने तळहात आत टेकवून ठेवला. कोपरापर्यंत हात आत.

"आतमंदी ऊन लागून राह्यलं," ती म्हणाली आणि वर तोंड केलं.

मी बघत उभा होतो. हीच आशा मला हवी होती. बारा दिवसांनी ती परत भेटली, आणि घराला छप्पर नव्हतं. मला रडू आलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकलो.

आणि मग, तिचा हात कोपरापर्यंत भिंतीत गेलेला बघताना, मला कळलं. मोटारसायकलच्या डिकीतला टेप काढला. भिंत दीड फूट जाड. दोन्ही बाजूंची मिळून तीन फूट. खोली आतून तेरा फूट रुंद. नवी खोली आतून पंधरा. लांबीतही प्रत्येक खोलीला दीड-दीड फूट जास्त. मोजणीदारांनी घर बाहेरून मोजलं होतं, कारण त्यांना पाडायचं होतं. राहणाऱ्याने आतून मोजायला हवं होतं.

छत्तीस वर्षं मी पोरांना पेटीचं आकारमान शिकवलं. बाहेरचं माप वेगळं, आतलं वेगळं, लाकडाची जाडी वजा करायला विसरू नका. जो विसरायचा त्याला उभं करायचो.

२५ मे

उपाय सापडला. नव्या भिंतींना आतून दुसरी भिंत लावायची, जुन्या मापापर्यंत. सकाळी हिशोब मांडला. आतल्या बाजूने फूटभर जाड, मधली भिंत दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट. दारं-खिडक्यांची जागा सोडून साधारण साडेसोळाशे ब्लॉक, जोडाईला बाबूभाईंच्या हिशोबाने सतरा पोती.

बाबूभाईंना फोन केला.

"गुरुजी, तवाच विचारत होतो मी, अंदरून किती पायजे. आता त्या भितीले पाया कुठी हाय? फरशीवर उभी करान तर फरशी बसन."

मी म्हटलं, पाया खणू. ते म्हणाले, "घरात माणसं ठेवून पाया खणता?"

आशा खाटेवर बसून सगळं ऐकत होती. मी फोन ठेवला तसं म्हणाली, "काऊन करून राह्यले हे?"

"तुझ्यासाठी. तुला पहिल्यासारखं चालता यावं म्हणून."

"माह्यासाठी नाई." आवाज चढवला नाही तिने. "त्या घरात मी फटफट चालत जाऊ, तर तुमी इसरून जात होते का मले दिसत नाई. मी एक दिवस नाई इसरली. तुमाले ते इसरनं पायजे."

मी म्हटलं, असं काही नाही. पण म्हणताना माझा आवाज मलाच कसासा लागला.

"डोळे जाऊन राह्यले व्हते तवाबी तुमी म्हटलं, काई नाई, सारं तसंच हाय. इथी आल्यावर म्हटलं, घर तेच हाय. मी पावलं मोजून मोजून आपटून राह्यली, का गुरुजी म्हणतात तेच हाय, तं माह्यंच चुकत असन. एक डाव म्हणा न, का नाई हाय तसं."

त्या दिवसांबद्दल ती पहिल्यांदा बोलली, तेही इतकंच.

मी हिशोबाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हटलं, "नाही तसं. माझं चुकलं. हिशोबाचंही आणि तेव्हाचंही."

ती रडली. सात वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. जवळ बसलो, तिच्या पाठीवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. संध्याकाळी हर्षा आली. आईचं कपाळ बघून माझ्याकडे बघितलं. आशा तिला म्हणाली, "चार दिवस थांब, मंग ठरवू." हर्षा सकाळच्या बसने परत जाणार आहे, पण आईची बॅग भरून ठेवा असं मला बजावून झालं.

२८ मे

तीन दिवस आशा नवं घर शिकते आहे. मी सांगायचं नाही, असा तिचा हुकूम. ती भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि समोरच्या भिंतीपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. काल एकच रेघ चाळीस वेळा. मी सवयीने मोजत बसलो होतो, ती म्हणाली, "तोंडातल्या तोंडात मोजू नका, माह्या पावलायचा गोंधळ होते." मग मी छपरीत जाऊन बसलो.

गॅस तिने हलवायला लावला. खाटही. म्हणजे आता कुठलीच वस्तू जुन्या जागी नाही. मला चुकल्यासारखं वाटतं, मीच पाण्याचा माठ शोधत फिरतो.

अजून ती थांबत थांबतच चालते. पूर्वीसारखी कधी चालेल का माहीत नाही. मला ते घर आठवतं. छपराशिवायचं, तिचा हात कोनाड्यात असलेलं. ते हवंसं वाटणं काही जात नाही.

२९ मे

आज दुपारी आशा मधल्या भिंतीजवळ उभी होती. म्हणाली, "इकडं या. डोळे मिटा."

"कशाला?"

"या तं."

मी तिच्या शेजारी जाऊन भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले. ती म्हणाली, समोरच्या भिंतीपर्यंत या, मी पुढे जाते. तिची पावलं लांब गेली.

सात वर्षांत मी हे एकदाही करून बघितलं नव्हतं. का, ते आता लिहितानाही सांगता येत नाही. पहिली दोन पावलं ठीक. तिसऱ्याला वाटलं, नाकासमोर काही तरी आहे. चौथं पाऊल उचललं आणि टाकवेना. ही खोली मी ब्लॉक न् ब्लॉक मोजून बांधली, ओल्या भिंतींना दोन महिने पाणी मारलं, आणि तिच्यात मला पाय टाकायला जागा सापडेना. मी डोळे उघडले आणि पुढे निघालो.

"उघडले न?" आशा म्हणाली.

"नाही."

"उघडले. पाय बिनधास्त पडून राह्यले तुमचे."

मी पुन्हा मिटले. आता कुठवर आलो होतो तेही विसरलो. दोन्ही हात पुढे केले. एक पाऊल. आणखी एक. भिंत येईना. पंधरा फूट म्हणजे काय, हे मला आज कळलं. साठीला आलेला माणूस, स्वतःच्या घरात, भर दुपारी, मी घाबरलो.

"आशा, कुठे आहेस तू?"

हे असंच तिला किती वेळा झालं असेल, आणि मी छपरीत पेपर वाचत बसलो असेन.

"इथीच हावो," ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा लांब होता. "या. अजून लय हाय. हळूहळू या."

मी डोळे उघडले नाहीत. तिच्या आवाजाच्या दिशेने पाय सरकवत गेलो.